निळं पिंप आणि गुडघाभर पाणी

ज्या वर्षी माझ्या पोटात नळी बसवली, त्याच वर्षी आम्ही बेंगळुरूच्या बनशंकरीतलं भाड्याचं घर सोडून हेब्बाळच्या पलीकडे राहायला आलो. नवऱ्याचं ऑफिस तिकडे हललं होतं आणि माझी शाळेतली नोकरी आजारपणात सुटली होती, त्यामुळे बनशंकरीला धरून बसण्याचं काही कारण उरलं नव्हतं. माझ्या दोन्ही किडन्या थकल्या होत्या. डॉक्टरांनी घरच्या घरी करता येणारं डायलिसिस सुचवलं. पोटातल्या नळीला द्रावणाची पिशवी जोडायची, ते द्रावण पोटात सोडायचं, आणि काही तासांनी ते काढून टाकून नवं भरायचं. असं दिवसातून चार वेळा. खोली स्वच्छ हवी, खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. नळी पोटातून जिथे बाहेर येते तिथे घाण पाणी लागता कामा नये. एक जंतू आत शिरला तरी हॉस्पिटलची वाट धरावी लागते.

हे सगळं मी शिकले. खानापूरकडची आम्ही माणसं, एकदा हातात घेतलं की सोडत नाही. वर्गात मुलांना प्रयोग शिकवायची सवयही कामाला आली. पण बाकीच्यांच्या नजरेत मी काचेची बाहुली झाले होते. कुणी मला ताट उचलू देईना. मुलगी पुण्यात नोकरीला, ती रोज व्हिडिओ कॉल करून आधी माझा चेहरा निरखायची आणि मग बोलायची.

दर महिन्याला द्रावणाचे जड खोके यायचे, म्हणून आम्ही तळमजला घेतला. वरच्या मजल्यावर घरमालकीण. त्या धारवाडकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. आमचं बोलणं कन्नडात चालायचं. इथे मी ते मराठीत सांगते आहे, पण थोडं म्हणायचं त्यांचं ‘स्वल्प’ आणि बरं म्हणायचं ‘सरी’ तेवढं तसंच ठेवते, कारण त्या दोन शब्दांवाचून अक्कांचं वाक्यच उभं राहत नाही.

घर छान होतं, उजेडाचं. फक्त गल्लीला उतार होता. टोकाला तळ्याकडे जाणारा मोठा नाला, इथे त्याला राजकालुवे म्हणतात. पूर्वी पावसाळ्यात तळ्याचं पाणी इथपर्यंत पसरायचं, असं अक्काच सांगायच्या आणि लगेच हात झटकून म्हणायच्या, “आता नाही येत.”

पहिल्याच पावसाळ्यात ते शेजारच्या वसाहतीत आलं. आमच्यापासून फार लांब नाही; आमच्या गेटला नुसतं टेकून परतलं. टीव्हीवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माणसं बाहेर काढताना दाखवत होते. एक म्हातारे गृहस्थ ट्रॉलीत बसले होते, धोतर भिजून चिकटलेलं, आणि त्यांच्या हातात टीव्हीचा रिमोट होता. घर सोडताना त्यांनी तेवढंच उचललं होतं. नवरा हसला. मला हसू आलं नाही. मी आमच्या खोलीच्या कोपऱ्यात रचलेल्या खोक्यांकडे बघत होते. मला पळावं लागलं तर मी काय उचलणार होते?

पुढच्या तपासणीला गेले तेव्हा डायलिसिस विभागातल्या सिस्टरनीही नेमकं तेच विचारलं. “घर सोडून निघायची वेळ आली तर तुमची काय तयारी आहे?”

“काही नाही,” मी म्हणाले.

“मग करा. पाणी आलं तर ट्रॅक्टरवाला तुमचे खोके घेणार नाही.”

घरी येऊन मी त्याच दुपारी पिशवी भरायला बसले. नवऱ्याची ट्रेकिंगची जुनी सॅक काढली आणि जे सुचेल ते कोंबत गेले. द्रावणाच्या पिशव्या, नळीच्या टोप्या, चिमटे, मास्क, गोळ्या, हॉस्पिटलची कागदपत्रं, टॉर्च, पॉवर बँक, बिस्किटं, साडी, शाल, चादर, दोन पुस्तकं. एवढं झाल्यावर बंद ओढले आणि सॅक उचलायला गेले. ती जागची हलली नाही. मला तसंही जड उचलायला मनाई होती. मुलगी फोनच्या पडद्यावरून हे सगळं पाहत होती.

“आई, तू काय युद्धावर चाललीयेस?”

“हो,” मी म्हणाले, “पण तोफ उचलवत नाहीये.”

ती पोट धरून हसली. “थांब,” म्हणाली, “आपण नीट विचार करू.”

त्या दिवसापासून आम्हा दोघींच्या फोनला एक विषय मिळाला. माझा चेहरा निरखायचं ती विसरली. ती म्हणाली, चाकांची बॅग घे. मी म्हटलं, पाण्यात चाकं काय कामाची? ती म्हणाली, बाबा उचलतील. मी म्हटलं, बाबा महिन्यातून निम्मे दिवस हुबळीला असतात. शेवटी मीच एक नियम केला. जे मला एकटीला नेता येईल तेवढंच माझं. दुसऱ्याच्या खांद्यावर मोजलेली तयारी ही तयारी नव्हे.

मग सॅकमधून चादर गेली, साडी गेली, पुस्तकं गेली. त्याऐवजी एक सलवार-कमीज आणि दोन टॉवेल ठेवले. सॅक हलकी झाली. राहिल्या त्या द्रावणाच्या पिशव्या. त्या जड होत्या आणि त्यांच्यावाचून बाकी सगळं फुकट. दोन-तीन दिवसांचं द्रावण तरी जवळ हवं होतं.

उत्तर स्वयंपाकघरात होतं. आईने लग्नात मला ज्वारी साठवायला म्हणून निळं प्लॅस्टिकचं पिंप दिलं होतं, झाकणाला लोखंडी कडं असलेलं. कडं आवळलं की आत मुंगी शिरत नसे. बेंगळुरूत कोण ज्वारी साठवतं? ते रिकामंच पडून होतं. एका सकाळी मी त्याच्याकडे बघत चहा घेत होते आणि मनात आलं, मुंगी शिरत नाही तर पाणी कुठून शिरेल? जे उचलायला जड, ते पाण्यात तरंगायला जड असेलच असं नाही. हे तर मी वर्षानुवर्षं मुलांना फळ्यावर काढून दाखवलं होतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो पहिल्यांदा माझ्याकडे काळजीनेच बघायला लागला. पण तो इंजिनिअर. थोड्या वेळाने म्हणाला, “चाचणी केल्याशिवाय काही खरं नाही.” पलीकडच्या प्लॉटवर बांधकाम चाललं होतं, तिथे विटांचा पाण्याचा हौद होता. रविवारी आम्ही पिंप तिथे नेलं. मिस्त्री आणि कामकरी बायका कामं सोडून बघायला आल्या. नवऱ्याने पिंप हौदात सोडलं. ते एकदा डोललं, मग आडवं झालं आणि गोल गोल फिरू लागलं. बायका खदखदून हसल्या.

“वजन वर आहे,” मी म्हणाले. “पिशव्या आडव्या घालायला हव्यात, तळाशी. हलकं सगळं वर.”

दुसऱ्यांदा भरून सोडलं. यावेळी ते ताठ उभं राहिलं, गणपतीसमोर ठेवलेल्या कलशासारखं. नवऱ्याने झाकण दाबून पाहिलं, ढकलून पाहिलं, आणि वाकता वाकता स्वतःच हौदात गेला. तो चिंब होऊन बाहेर आला, पिंप उघडलं तर आतला वर्तमानपत्राचा कागद कोरडा ठणठणीत. तो कागद त्याने डोक्यावर धरून हलवला आणि मला कितीतरी महिन्यांनी जोरात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वाजवल्याही.

पिंप आमच्या दारात, एका जाड गोणपाटावर ठेवलं. गोणपाट ओढला की पिंप सरकायचं, मला उचलावं लागत नव्हतं. कड्याला दोरी बांधली. दर महिन्याला नवे खोके आले की जुन्या पिशव्या वापरायच्या आणि नव्या आत घालायच्या.

आता प्रश्न एकच उरला होता, आणि तोच सगळ्यात अवघड होता. निघायचं कधी? माणसं अडकतात ती सामान नसल्यामुळे कमी आणि ‘बघू, ओसरेल’ म्हणत बसल्यामुळे जास्त, हे मला त्या टीव्हीवरच्या ट्रॉलीवरून कळलं होतं. माझ्या बाबतीत तर पाणी कमरेला लागलं की खेळ संपला, कारण नळी तिथेच होती. म्हणून आम्ही गल्ली चालून पाहिली. मुख्य रस्त्याच्या आधीचा कोपरा सर्वात खोल होता. आमच्या गेटशी पाणी घोट्याच्या जरा वर आलं, तर त्या कोपऱ्यात ते गुडघ्याच्या वर जाणार. त्यापुढे माझ्यासाठी वाट बंद. मी मुलीची जुनी लाल नेलपॉलिश शोधली आणि गेटच्या खांबावर त्या उंचीला एक आडवी रेघ ओढली.

अक्का वरून बघत होत्या. “माझ्या गेटला नखं आली का?”

“पाणी इथे लागलं की आपण निघायचं, अक्का. तुम्हीही.”

“मी कशाला? मी वर आहे. तूही वर ये. मी तुला उपमा करून घालीन.”

“उपम्यावर माझ्या किडन्या चालत नाहीत.”

त्या हसल्या, पण दुसऱ्या दिवशी खाली आल्या आणि एक छोटं गाठोडं माझ्या हातात दिलं. मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी, जुना चष्मा आणि पोह्यांचा पुडा. “तुझ्या त्या सॅकमध्ये स्वल्प जागा असेल तर ठेव. मी कुठे जाणार नाही. आपलं सहज.”

पुढच्या पावसाळ्यात ते घडलं. नवरा हुबळीला होता. रात्रभर पाऊस कोसळत होता. पहाटे माझ्या पहिल्या डायलिसिसच्या वेळेला जाग आली तर वीज गेलेली, आणि बाहेर एक वेगळाच आवाज. पावसाचा नव्हे. वाहत्या पाण्याचा. दार उघडलं. उजाडत होतं. सगळी गल्ली तपकिरी पाण्याने भरून वाहत होती आणि गेटवरची लाल रेघ निम्मी बुडाली होती.

मला वाटलं होतं अशा वेळी हातपाय गळतील. तसं काहीच झालं नाही. मनात एकच वाक्य उभं राहिलं: रेघ बुडाली, निघायचं. डायलिसिस आधी करू की नंतर, एवढाच विचार केला. ते थोडं लांबलं तर चालतं. पाणी लांबणार नव्हतं.

मी मेन स्विच बंद केला, गॅस बंद केला, नळीवर पाणी न शिरणारी पट्टी चिकटवली, वरून पट्टा आवळला, कमीज वर खोचला. सॅक पाठीवर घेतली. मग वर जाऊन अक्कांचं दार वाजवलं. त्या स्वेटर घालून खिडकीत बसल्या होत्या.

“चला अक्का.”

“मागच्या वेळीही गेटपर्यंत आलं आणि गेलं. स्वल्प थांब.”

“मागच्या वेळी ते रेघेइतकं चढलं नव्हतं.”

“वरच राहू की. पाणी वर थोडंच येतं?”

“नाही येणार. पण आपण इथून खाली उतरू शकणार नाही. वीज नाही, पाण्याची मोटर चालणार नाही. उद्या कुणी आलं नाही तर? परवा? माझ्याकडे मोजून दोन-तीन दिवसांचं द्रावण आहे, अक्का. आणि तुम्हाला सोडून मी जाणार नाही, तेव्हा तुम्ही बसलात तर मीही बसले.”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग उठल्या, देवापुढचं निरांजन विझवलं आणि दाराला कुलूप लावलं. “सरी,” म्हणाल्या, “आता तू म्हणतेस म्हणून.”

एवढ्यात नवऱ्याचा फोन आला. त्याने बातम्या पाहिल्या होत्या. “मी लगेच निघतोय. तू घरातच थांब, बाहेर पडू नकोस.”

“अहो, मी निघाले,” मी म्हणाले. “रेघ बुडाली.”

तो म्हणाला, “पिंप?”

“पिंप घेऊन.”

“मग जा,” तो म्हणाला. त्या दोन शब्दांबद्दल मी त्याला अजून मानते.

गोणपाट ओढत पिंप पायऱ्यांपर्यंत आणलं आणि हळूच पाण्यात सोडलं. ते डोललं आणि उभं राहिलं. अक्कांनी तोंडावर हात ठेवला. मी फरशी पुसायच्या मॉपची काठी घेतली, पुढचं पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपायला, आणि आम्ही गेटबाहेर पडलो. गल्लीतल्या गच्च्यांवर माणसं उभी होती. कुणी ओरडलं, “कुठे चाललात? थांबेल पाऊस!” मी वर बघितलं नाही.

समोरच्या घरात पुण्याहून आलेलं तरुण जोडपं राहायचं, दोघंही आयटीत, कडेवर लहान बाळ. ते दारातच उभे होते. त्यातली बायको मला हाक मारून म्हणाली, “काकू, सीरियसली निघायचं का? आम्हाला कळतच नाहीये.”

“आत्ता निघा,” मी म्हणाले. “बाळाचं दूध आणि औषधं तेवढी घ्या. बाकी काही नाही. मी थांबते, पण स्वल्पच.” आणि माझ्या तोंडून अक्कांचा शब्द निघाला म्हणून एवढ्या गडबडीतही अक्का हसल्या.

ते दोघं खरोखरच लगेच आले. बाळाची पिशवी आम्ही पिंपाच्या झाकणावर बांधली. तरुणाने दोरी हातात घेतली, त्याच्या बायकोने बाळाला उंच धरलं, अक्कांनी तिचा दंड पकडला. आणि काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे मी. जिला कुणी ताट उचलू देत नव्हतं ती.

कोपऱ्याजवळ पाणी गुडघ्याच्या वर आलं. ओढ होती. राजकालुव्याकडून येणारं पाणी तिथे वळण घेत होतं आणि पाय जमिनीवरून सुटतात की काय असं वाटत होतं. मी काठी पुढे टेकवली आणि ती खाली, खाली, खालीच गेली. तिथल्या चेंबरचं झाकण वाहून गेलं होतं. वरून बघता तिथे इतर कुठल्याही जागेसारखंच तपकिरी पाणी होतं.

“थांबा!” मी ओरडले. “कुणी पुढे येऊ नका. भिंतीला चिकटा.”

सगळे भिंतीला लागले. मी काठीने कडा शोधली, मग एक एक पाऊल बाजूने. पाणी मांडीपर्यंत आलं. मी पट्ट्यावर हात ठेवून बघितलं, कोरडा. अजून एक पाऊल. अजून एक. आणि मग पायाखाली चढ लागला. काय सांगू, तो चढ लागला तेव्हा घशातून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात कधी काढला नव्हता. मागून अक्का म्हणाल्या, “हे काय, रडतेस?” मी रडत नव्हते. हसत होते.

मुख्य रस्त्यावर पाणी उथळ होतं आणि तिथे पिंप टेकलं. रिक्षावाले उभे होते. दोघांनी मिळून ते उचललं, एकजण म्हणाला, “काय ताई, सोनं भरलंय का?”

“पोट आहे माझं,” मी म्हणाले. त्याला काही कळलं नाही, पण त्याने ते रिक्षात बसवलं.

वरच्या चौकातलं कल्याणमंडप, म्हणजे मंगल कार्यालय, लोकांसाठी उघडलं होतं. हॉलमध्ये अजून फारसं कुणी नव्हतं. मी व्यवस्थापकांना सांगितलं की मला एक बंद खोली हवी, स्वच्छ, अर्ध्या तासापुरती. ते घोटाळले. वधूची खोली आहे, पण तिची चावी मालकांकडे, वगैरे. अक्का पुढे झाल्या आणि धारवाडी कन्नडात त्यांना असं काही सुनावलं की चावी त्यांच्याच खिशातून निघाली.

वधूच्या खोलीत मोठा आरसा होता आणि भिंतीवर हार अडकवायला खुंटी. तिच्यावर पिशवी टांगता येणार होती. पण द्रावण गार होतं, आणि गार द्रावण पोटात गेलं की कळा येतात. घरी मी ते विजेच्या शेकण्याच्या पिशवीने कोमट करायची. इथे वीज नव्हती. अक्का म्हणाल्या, “दे इकडे.” त्यांनी पिशवी कोरड्या शालीत गुंडाळली, पोटाशी धरली, वरून स्वेटर ओढला आणि आचाऱ्याच्या चुलीपासून जरा अंतरावर जाऊन बसल्या, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारख्या. कुणी काही विचारलं की म्हणायच्या, “हलवू नका मला.”

मी हात धुतले, मास्क बांधला, दार लावून घेतलं, आणि रोजच्यासारखं एकेक करत गेले. द्रावण जरा गारच होतं. एक कळ आली आणि गेली. त्याआधी पोटातून उतरलेलं जुनं पाणी खालच्या पिशवीत होतं; मी ती उजेडाकडे धरली. संसर्ग असेल तर ते गढूळ येतं. घरी मी पिशवीमागे छापील कागद धरून बघायची. इथे अक्कांच्या पोह्यांचा पुडा धरला. अक्षरं स्वच्छ दिसली. मी ती मोठ्याने वाचली, ‘जाड पोहे’, आणि रिकाम्या खोलीत आरशातल्या बाईने मला हात जोडून नमस्कार केला.

दुपारपर्यंत गल्लीत पाणी खिडक्यांना लागलं. मागे राहिलेल्यांना ट्रॅक्टरने आणलं, भिजलेले, थरथरणारे. कुणाच्या हातात उशी, कुणाच्या हातात कुकरचं झाकण. आमच्या सॅकमधला टॉर्च, पॉवर बँक, कोरडे टॉवेल, सगळं फिरू लागलं. अक्कांनी आपल्या गोळ्या मागितल्या, मी काढून दिल्या. त्या पट्टीकडे बघून म्हणाल्या, “सहज दिल्या होत्या.” पुण्याचं बाळ त्यांच्या मांडीवर झोपलं. सकाळी गच्चीवरून ओरडणारे गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, “तुम्हाला कसं कळलं हो, निघायचं ते?” मी त्यांना लाल रेघेची गोष्ट सांगितली. ऐकायला आणखी माणसं जमली. मला शाळेची आठवण झाली.

संध्याकाळी नवरा आला. शेवटचं अंतर त्याला चालत यावं लागलं होतं. दारात उभं राहून तो गर्दीत मला शोधत होता, आणि मी मांडी घालून, पानावर वाढलेलं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, खात, सगळ्यांच्या मधोमध बसले होते. तो जवळ येऊन खाली बसला.

“वाटेत काय काय मनात आलं,” तो म्हणाला.

“जेवलात का?” मी विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली. मी माझं पान त्याच्यापुढे सरकवलं.

घरातले जमिनीवरचे खोके सगळे वाया गेले, माळ्यावरचे वाचले. नवे येईपर्यंत पिंपातल्या पिशव्या पुरल्या. पुढचे काही दिवस मी दर वेळी अक्षरं वाचून बघत होते, आणि दर वेळी ती स्वच्छ दिसत होती. हॉस्पिटलमध्ये सिस्टरनी नळीची जागा तपासली आणि म्हणाल्या, “पुरातून आलात म्हणून कोण म्हणेल?” मग त्यांनी बाकीच्या सिस्टर्सना बोलावलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. त्यानंतर पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गल्लीत दरवर्षी सराव होतो. घराघरांच्या गेटला रेघा आहेत. अक्का हातात काठी घेऊन पुढे चालतात आणि जो मागे रेंगाळेल त्याचा उद्धार करतात.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते वेगळंच. नळी बसल्यापासून मी खानापूरला माहेरी गेले नव्हते. वाटेत कसं करायचं, तिथे कसं करायचं, म्हणून मीच नाही म्हणत आले होते. पुरानंतरच्या थंडीत एक दिवस माझ्या लक्षात आलं की पहाटेच्या पाण्यातून, विजेवाचून, परक्याच्या खोलीत मी हे केलं होतं. मग गाडीत बसून रस्त्याने जायला काय हरकत होती? नवऱ्याला म्हटलं, “उद्या निघू या.” त्याने कारण विचारलं नाही.

वाटेत दावणगिरीला एका लॉजची खोली घेतली, माझं काम उरकलं, दार उघडलं आणि पुढे निघालो. संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा भाऊ अंगणातच उभा होता. वहिनीने मधली खोली पुसून, झाडून, पडदे काढून ठेवली होती, आणि भिंतीत माझी पिशवी टांगायला एक नवा खिळा ठोकून घेतला होता. फोनवर कधीतरी मी बोलले होते तेवढ्यावरून तिने हे केलं होतं. मी आत जाऊन तिला मिठी मारली.

“बस जरा,” ती म्हणाली. “आणि लगेच जायचं म्हणू नकोस. राहशील ना चार दिवस?”

“राहते की,” मी म्हणाले.